झीरो माइलवर चांदा १२५ मैल, आजच्या फलकावर दीडशे किलोमीटर: मधले ५० किमी गेले कुठे?

वैनगंगाकाठ (प्रश्न)

नागपूरच्या झीरो माइलजवळच्या षटकोनी दगडावर गावांची अंतरे मैलांत कोरलेली आहेत. हैदराबाद ३१८, जबलपूर १७०, शिवनी ७९, चांदा (आजचे चंद्रपूर) १२५. किलोमीटर केले तर अनुक्रमे ५१२, २७४, १२७ आणि २०१ येतात.

आज शिवनी आणि जबलपूर जवळपास तेवढेच भरते. हैदराबाद ५०० च्या आसपास, म्हणजे दहा-बारा किमी कमी. चंद्रपूर मात्र जेमतेम दीडशे! गावे तिथेच आहेत, दगडही तिथेच आहे. मग तेव्हाची मोजणी चुकीची होती का? आणि 'नागपूर ते हैदराबाद' म्हणताना नेमके कुठून कुठपर्यंत धरतात? मुलांना समजावून सांगायचे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहा.

आखणी_मध्यरेषा

तुमच्या आकड्यांतच उत्तर दडले आहे. अंतर मोजायची साखळी खोटी असती तर चारही अंतरे सारख्याच प्रमाणात चुकली असती. शिवनी तंतोतंत जुळते आणि चांदा पाव हिश्शाने कमी होते, म्हणजे मोजणी ठीक होती, रस्ता बदलला. फरक पाहताना आधी तो किती मोठा आहे ते बघावे. काहीशे मीटरचा असेल तर मोजणी किंवा पूर्णांक करणे. दोन ते दहा-बारा किलोमीटर असेल तर बायपास, घाटातली सुधारणा, नाहीतर शहरातला शून्यबिंदू, म्हणजे जिथून अंतर मोजतात ते ठिकाण. वीस-पन्नास असेल तर मार्गच वेगळा.

चांद्याच्या बाबतीत दगडावर मार्ग लिहिलेला नाही, नुसता आकडा आहे. म्हणून उलटे मोजायचे. नागपूर–वर्धा–हिंगणघाट–वरोरा–चांदा अशी बेरीज करून पाहा, दोनशेच्या जवळ जाते. आजचा रस्ता वर्ध्याला वळसा न घालता बुटीबोरीवरून जाम या गावी आणि तिथून सरळ वरोऱ्याला उतरतो. तुमचे पन्नास किलोमीटर बहुधा त्या वळशात आहेत.

हैदराबादचे दहा-बारा किमी थोडे-थोडे करून गेले. जुना रस्ता प्रत्येक गावच्या बाजारपेठेतून जायचा, नदीला काटकोनात ओलांडण्यासाठी वळण घ्यायचा. चौपदरीकरणात हिंगणघाट, आदिलाबाद, निर्मल ही गावे बाजूला पडली आणि वळणे सरळ झाली. मात्र बायपासने अंतर नेहमी घटते असे समजू नका. पुष्कळ बायपास गावातल्या रस्त्यापेक्षा एक-दोन किमी लांबच असतात, वाचतो तो वेळ. त्यामुळे फलकावरचा आकडा कधीकधी वाढतोही.

घाटात तर जाण्याचे आणि येण्याचे अंतरही सारखे नसते. खंबाटकीत पुण्याहून साताऱ्याकडे जाणारी वाहतूक घाट चढून आणि उलट दिशेची बोगद्यातून, अशी व्यवस्था वर्षानुवर्षे होती. मग 'पुणे–सातारा' एकच आकडा कुठला लिहिणार?

शून्यबिंदूबद्दल. शहराचे अंतर शहराच्या हद्दीपर्यंत नसते, आतल्या एका ठरलेल्या ठिकाणापर्यंत असते. ब्रिटिश काळात मुंबईत ते फोर्टातले सेंट थॉमस चर्च होते. त्या चर्चपासूनचे मैल रोमन आकड्यांत कोरलेले दगड शहरात अजून सापडतात. पुण्याचा शून्य मैलाचा दगड जीपीओसमोर (मुख्य टपाल कार्यालयासमोर) आहे. आता याच्या उलट समृद्धी महामार्ग पाहा. त्याची ७०१ किमी लांबी नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंतची आहे, झीरो माइलपासून फोर्टपर्यंतची नव्हे. दोन्ही टोकांचा रस्ता वेगळा मिळवावा लागतो. 'नागपूर–मुंबई ७०१' असे लिहिणारे नेमके इथे चुकतात.

साखळीधारी

वरच्या उत्तरात मोजणीची चूक 'काहीशे मीटर' म्हटली आहे, तिचा हिशेब देतो.

३० मीटरच्या साखळीच्या कड्या वापराने ताणल्या आणि ती ३ सेंमी लांब झाली, तर अंतर हजारात एकाने कमी नोंदले जाते. ५०० किमीला अर्धा किलोमीटर. साखळीला झोळ पडला किंवा ती ओळीबाहेर गेली तर उलट, अंतर जास्त भरते. पोलादी साखळी २० अंशांनी तापली तर ३० मीटरमागे सुमारे ७ मिमी वाढते, म्हणजे ५०० किमीला ११५ मीटर. चढाची भीती तर पुष्कळांना उगाच वाटते. १:२० चढावर उताराबरोबर मोजले काय आणि आडवे मोजले काय, किलोमीटरला फक्त सव्वा मीटर फरक पडतो. घाटातले यू-वळण मध्यरेषेवरून न मोजता साडेतीन मीटर आतून मोजले तर ११ मीटर कमी भरतात, पण डावी-उजवी वळणे बरीचशी एकमेकांना खाऊन टाकतात.

सगळे एकाच बाजूला चुकले तरी ५०० किमीला एखादा किलोमीटर. ५० कधीच नाही.

याहून मोठा घोळ मैलांचे किलोमीटर करताना होतो. पूर्ण मैलात लिहिलेला आकडा मुळातच अर्ध्या मैलाने, म्हणजे ८०० मीटरने, इकडेतिकडे असू शकतो. त्यावर 'पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर' हे ढोबळ गणित लावले तर ३१८ मैलांचे ५०८.८ होतात. खरा गुणक १.६०९३४४ लावला तर ५११.८. तीन किलोमीटर नुसते गुणाकारात गेले!

गाडीच्या मीटरवरून फलक तपासू नका. टायरची नक्षी ८ मिमीवरून १.६ मिमीवर आली की चाकाची त्रिज्या साधारण दोन टक्क्यांनी घटते आणि मीटर तेवढे अंतर जास्त दाखवतो. शंभराला दोन किलोमीटर.

वैनगंगाकाठ

दोघांचेही आभार, चांद्याचे कोडे सुटले. आणखी एक शंका. कागलजवळच्या महामार्गाच्या कामाच्या कागदात 'किमी ५९२' आहे. ते मुंबईपासून तर नाही, मग कशापासून?

आखणी_मध्यरेषा

तो साखळी क्रमांक आहे, म्हणजे त्या रस्त्याच्या ठरलेल्या शून्यापासून रस्त्यावरून मोजत आलेला किलोमीटर; गावाचे अंतर नव्हे. या दोन आकड्यांची गल्लत फार होते. जुन्या राष्ट्रीय महामार्ग (रा.म.) ४ वर हे क्रमांक बंगळूरच्या बाजूकडून वाढत येत होते. कागल–सातारा टप्पा ५९२.२४० ते ७२५ आणि त्यापुढे पुण्याचा टप्पा देहूरोडपर्यंत ७२५ ते ८६५.३५०. मुंबई–गोवा रस्त्यावर मात्र शून्य पनवेलला, म्हणून इंदापूर (रायगडातले) किमी ८४ वर.

आता खरी मेख. समजा किमी ४० ते ४६ मधल्या गावाला ७.३ किमीचा बायपास झाला. बायपास संपतो तिथे हिशेबाने ४७.३०० यायला हवे, पण जमिनीवरचा दगड ४६ म्हणतो. पुढचे सगळे दगड बदलायचे तर पूल-मोऱ्यांची नोंदवही, भूसंपादनाचे नकाशे, अपघातांच्या नोंदी, चालू निविदा, सगळेच बदलावे लागते. म्हणून नकाशावर '४७.३०० = ४६.०००' असे समीकरण लिहून जुने क्रमांक पुढे चालू ठेवतात. असे चार-पाच बायपास झाले की दोन दगडांची वजाबाकी म्हणजे प्रत्यक्ष अंतर राहत नाही. म्हणूनच प्रकल्प अहवालात जुना आणि संकल्पित (नव्या आखणीप्रमाणे मोजलेला) असे दोन साखळी क्रमांक शेजारी-शेजारी असतात. अंतर काढायचे तर संकल्पित रकान्यातून काढा.

२०१० मध्ये महामार्गांचे क्रमांक बदलले तेव्हा यात भर पडली. रा.म. ७ वाराणसी–कन्याकुमारी होता. नागपूर–हैदराबाद भाग आता श्रीनगर–कन्याकुमारी अशा रा.म. ४४ मध्ये आहे. सुरुवातीचे टोकच बदलल्यावर जुने कागद आणि नवा दगड जुळणार कसे?

मुलांना दगड दाखवताना डोक्याचा रंग पाहायला सांगा: पिवळा राष्ट्रीय, हिरवा राज्य महामार्ग. दर पाचव्या किलोमीटरचा दगड मोठा असतो. मधले छोटे दगड २, ४, ६, ८ लिहिलेले, दर २०० मीटरला. फर्लांगाच्या (२०१ मीटर) दगडांची जागा यांनीच घेतली.

दख्खनचा_कातळ

कुणीतरी भूखंड सरकण्याचा मुद्दा काढेलच, म्हणून लिहितो. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंमी ईशान्येकडे सरकतो हे खरे, पण नागपूर, चंद्रपूर आणि हैदराबाद तिन्ही त्याच पट्टावर बसून एकत्र सरकतात. त्यांच्यातले अंतर त्यामुळे बदलत नाही. बाकी झीरो माइलच्या शेजारी १९०७ चा जो जी.टी.एस. (ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे) बेंचमार्क, म्हणजे सर्वेक्षणाची पक्की खूण आहे, त्याचे काम उंचीचे: समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट. मुलांना तोही दाखवा, रस्ते कितीही बदलले तरी त्याला फरक पडलेला नाही.