चाचे, फळी आणि आमची तापी

एकांनी लिहिलंय की समुद्री चाचे कैद्यांना जहाजावरच्या फळीवरून समुद्रात ढकलायचे, खजिना पुरून ठेवायचे, हे सगळं खरंच होतं. फळीचा प्रकार बहुतेक गोष्टींतूनच आलाय. खजिना पुरल्याचं ठळक उदाहरण कॅप्टन किडचं, १६९९चं. बाकीचे लूट वाटून घ्यायचे आणि बंदरात उडवून मोकळे व्हायचे. १७१८मध्ये ब्लॅकबिअर्ड या चाच्याने अमेरिकेतल्या चार्ल्सटन बंदराची नाकेबंदी करून काय मागितलं? औषधांची पेटी!

पोळ्याला गावी गेलो तर भाचा डोळ्यावर काळी चिंधी बांधून, हातात कडब्याची तलवार घेऊन बैलगाडीवर उभा, "अर्रर्र!" करत. ही आरोळी १९५०च्या एका चाच्यांच्या चित्रपटातल्या रॉबर्ट न्यूटन या नटाची; इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडची बोली त्याने जरा ताणून वापरली, तीच आता आमच्या चोपड्याकडच्या खळ्यात.

त्याला म्हटलं, आपली तापी जाते त्या सुरतेलाच औरंगजेबाचं 'गंज-इ-सवाई' हे जहाज परतत होतं. १६९५ साली हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने ते लुटलं. जहाजावर हजहून परतणारे यात्रेकरू होते, बायकांवर अत्याचार झाले (हे अर्थात त्याला नाही सांगितलं). चिडलेल्या मुघलांनी सुरतेतल्या इंग्रजांना कोंडून ठेवलं.

भाच्याचा एकच प्रश्न: "मामा, त्याच्याकडे पोपट होता का?"