प्रति: एफ-१६ च्या टाक्या कधी सोडायच्या
संगणकावरच्या विमान-सिम्युलेटरमध्ये एफ-१६ या लढाऊ विमानाच्या बाहेर टांगलेल्या इंधनटाक्या सोडायला "शत्रू दिसला की इमर्जन्सी जेटिसन (तातडीने ओझं टाकायचं बटण) दाबा" हा वरचा सल्ला पटला नाही. त्या बटणाने टाक्यांसोबत बॉम्बही जातात, मग ज्या कामाला निघालो तेच राहतं! त्यापेक्षा कॉकपिटच्या पडद्यावरच्या एस-जे (सिलेक्टिव्ह जेटिसन, म्हणजे निवडून टाकायच्या) पानावर पंखांखालच्या टाक्या आधीच निवडून ठेवा. विमानाचा मोड (हवेतली लढाई, जमिनीवरचा हल्ला वगैरे) बदलला तरी निवड कायम राहते. वेळ आली की ते पान उघडायचं, मास्टर आर्म (शस्त्रांचा मुख्य स्विच) चालू आहे का पाहायचं आणि वेपन रिलीज (शस्त्र सोडायचं बटण) दाबायचं.

आणि हे कोणीच लिहिलं नाही: बाहेरच्या टाक्यांतलं इंधन आधी कुठून घ्यायचं ते ठरवणारा स्विच नॉर्मलवर असेल तर पोटाखालची मधली ३०० गॅलनची टाकी आधी रिकामी होते, पंखांखालच्या ३७० गॅलनच्या नंतर. म्हणून 'विंग फर्स्ट' करा, नाहीतर भरलेलं इंधनच फेकाल. आमच्या दारव्ह्याकडच्या खेड्यात रात्री लाइनीचा भरवसा नाही, मिशन छोटंच घेतो. त्याला मधली एकच टाकी पुरते.