माटोळीचे पान करायचे आहे, एचटीएमएल कुठून सुरू करू?

वाळवंटी_काठ
नमस्कार. मी सांखळीची, बीएच्या दुसऱ्या वर्षाला. कॉम्प्युटर हा विषय मला कधीच नव्हता. चवथीच्या माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या लाकडी चौकटीला, बांधायची रानफळे, ती कुठे मिळतात, कधी काढायची, हे आमच्या आजीला तोंडपाठ आहे. पुढच्या चवथीआधी ते सगळे फोटोंसकट वेबवर घालायचे आहे, मराठीतून. वेबची पाने एचटीएमएल या खुणांच्या भाषेत लिहितात, एवढेच ऐकले आहे. व्हिडिओ बघायला घेतले तर पहिल्याच धड्यात रिअ‍ॅक्ट, नोड, टर्मिनल. घरी दादाचा जुना विंडोज सेव्हनचा पीसी आहे. नोटपॅडमध्ये थोडे लिहून पाहिले, पण फाइलीवर क्लिक केले की परत नोटपॅडच उघडते. दादाने नाव बदलून दिल्यावर ब्राउझरमध्ये उघडली, तर कांगलां, तोरिंग, आंबाडे, सगळ्यांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे! नेमके आधी काय शिकू?

बार्देशकार
हाताने एचटीएमएल आता कोण लिहितो? वर्डप्रेस (संकेतस्थळ बनवायची तयार व्यवस्था) घे, थीम लाव, संध्याकाळपर्यंत पान तयार. नाहीतर एआयला सांग, तो लिहून देईल.

फोंडा_डीटीपी
गिऱ्हाईक घाईत असले तर मीही वर्डप्रेसच सांगतो. पण बाय, तुला एक पान करायचे आहे आणि मजकूर सगळा आजीकडे तयार आहे. एवढ्याला नोटपॅड आणि ब्राउझर पुरे. शिकताना नेटसुद्धा लागत नाही. एआयने लिहून दिलेले बिघडले तर कुठे बघायचे हे कळायलाही आधी चार टॅग (एचटीएमएलच्या खुणा) हाताने लिहिलेले बरे.

आधी तुझी दोन दुखणी. विंडोज फाइलीच्या नावाची शेपटी लपवून ठेवते. तू 'माटोळी डॉट एचटीएमएल' लिहिलेस, नोटपॅडने मागे गुपचूप 'डॉट टीएक्सटी' चिकटवले. सेव्ह करताना खालच्या टाइपच्या खान्यात 'ऑल फाइल्स' निवड. त्याच चौकटीत एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरे फाइलीत कोणत्या सांकेतिक पद्धतीने साठवायची त्याचा, खाना आहे. जुन्या नोटपॅडमध्ये तिथे 'अ‍ॅन्सी' असते, आणि अ‍ॅन्सीत देवनागरीला जागाच नाही. तिथे 'यूटीएफ-८' कर. (2019 पासूनच्या विंडोज टेनमध्ये नोटपॅड आपणहून तेच निवडतो.) प्रश्नचिन्हे झालेली अक्षरे मात्र गेली, ती पुन्हा टाइप करावी लागतील. पानावर प्रश्नचिन्हांऐवजी टोप्या घातलेली विचित्र रोमन अक्षरे दिसली, तर घाबरू नको. तेव्हा मजकूर शाबूत असतो, ब्राउझर तो चुकीच्या पद्धतीने वाचत असतो. म्हणून पानाच्या हेड भागात (तो खाली सांगतो) अगदी वर मेटा टॅगमध्ये 'कॅरसेट यूटीएफ-८' लिहायचे.

आणखी एक, आमच्या धंद्यातले. जुन्या हँडबिलातला किंवा लग्नपत्रिकेतला मजकूर डीटीपीवाल्याकडून आणून चिकटवू नको. ते फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीचे. आत रोमन अक्षरेच असतात, वर फक्त मराठी रूप चढवलेले. पानावर कचरा दिसेल.

आता टॅग. मी नावे देवनागरीत सांगतो, फाइलीत ती रोमन लिपीत, टोकदार कंसात लिहायची. सगळ्यात वर डॉकटाइप, मग एचटीएमएल, त्याच्या पोटात हेड आणि बॉडी. हेडमध्ये टायटल, तो ब्राउझरच्या टॅबवर दिसतो. दिसायचा बाकी सगळा मजकूर बॉडीत. पानाचे नाव एच-वनमध्ये, प्रत्येक फळाचे नाव एच-टूमध्ये, वर्णन पीमध्ये. बंद करताना तोच टॅग, पण नावाआधी तिरकी रेघ. जो शेवटी उघडला तो आधी बंद करायचा.

नवी मुले इथेच घसरतात: अक्षर मोठे हवे म्हणून एच-वन आणि लहान हवे म्हणून एच-सिक्स लावतात. एचटीएमएल फक्त सांगते की हा मथळा आहे, हा परिच्छेद आहे, ही यादी आहे. रंग, आकार, मोकळी जागा हे काम सीएसएसचे. दृष्टी नसलेला माणूस स्क्रीन रीडरवर पान ऐकतो तेव्हा मथळ्यांवरून उड्या मारत हवे त्या फळापाशी पोचतो. नुसते ठळक करून ठेवलेले 'तोरिंग' त्याला मथळा म्हणून सापडतच नाही. फोटोच्या आयएमजी टॅगमध्ये 'ऑल्ट' असते, तिथे 'फोटो १' लिहू नको. फळ कसे दिसते ते आजीच्या शब्दांत लिही. फोटो उघडला नाही तर तेच शब्द दिसतात.

फळ, जागा, महिना अशा तीन गोष्टी प्रत्येकापुढे येणार, तर शेवटी एक टेबल दे. टेबल अशाच माहितीसाठी असते. पूर्वी लोक पानाची मांडणीच टेबलात करायचे, ती पाने दुरुस्त करायला आली की मला घाम फुटतो.

एचटीएमएल चूक दाखवत नाही हेही लक्षात ठेव. टॅग बंद करायचा राहिला तरी ब्राउझर सांभाळून घेतो आणि भलतेच काहीतरी दाखवतो. म्हणून दोन ओळी लिही, सेव्ह कर, ब्राउझरमध्ये एफ-फाइव्ह दाब, बघ. यात 'अमुक असेल तर तमुक कर' असे काही नसते. ते जावास्क्रिप्टचे काम, आणि तुला ते सध्या नको. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत केलेले पहिले संकेतस्थळ सर्नने जपले आहे, एकदा उघडून बघ. मथळा, परिच्छेद, दुवे, संपले. आजच्या ब्राउझरमध्ये ते सरळ उघडते.

वाळवंटी_काठ
देव बरें करूं! अक्षरे आली. मैत्रिणीने गिटहब पेजेसवर (वेबपाने ठेवायची सेवा) फुकटात चढवूनही दिले. पण घरी दिसणारे फोटो तिथे गायब. आणि मोबाइलवर अक्षरे मुंगीएवढी.

कुळागर
फोटोंची नावे तपास. विंडोजला कॅपिटल आणि लहान अक्षर एकच, तिथल्या सर्व्हरला नाही. फाइल कॅपिटल 'जेपीजी' आणि टॅगमध्ये लहान, तर फोटो सापडणार नाही. सगळी नावे लहान रोमन अक्षरांत कर, मध्ये जागा सोडू नको. पत्त्यात 'सी ड्राइव्ह' आला असेल तर तोही काढ, तो फक्त दादाच्या पीसीवर चालतो. फोटो पानाच्याच फोल्डरमध्ये ठेव आणि नुसते नाव लिही. मोबाइलसाठी हेडमध्ये व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग घाल, रुंदी 'डिव्हाइस-विड्थ'. तो नसला की फोन साधारण 980 पिक्सेल रुंद पान आहे असे धरून सगळे आक्रसतो.

बार्देशकार
फोटो थेट फोनमधले चढवलेस का? एकेक चार-पाच एमबीचा असेल. आधी लहान कर, गावात रेंज मिळायची मारामार.

फोंडा_डीटीपी
खरे आहे, हजारेक पिक्सेल रुंदी भरपूर झाली. आणि एचटीएमएल टॅगमध्ये 'लँग' लिहून त्यात 'एमआर' घाल. नोटो सॅन्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये त्यामुळे ल आणि श मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे दिसतात. आजीचे बोल कोंकणीत जसेच्या तसे देणार असशील तर त्या परिच्छेदाच्या पी टॅगला वेगळे 'लँग' दे, कोंकणीची खूण 'केओके'.