कॅनडाची खरी मालिका कोणती? माझं मत 'कॉर्नर गॅस'ला

प्रेअरीकर

कॅनडातली आवडती मालिका सांगा म्हटलं की आपली बहुतेक मंडळी डोळे मिटून 'शिट्स क्रीक'चं नाव घेतात. २०२० साली एमी या अमेरिकेतल्या टीव्ही पुरस्कारांत विनोदी मालिकांचे सातही मुख्य पुरस्कार तिने नेले, मान्य. पण ती कॅनडाची आहे कुठे? गाव कुठल्या प्रांतात, कुठल्या देशात, हे ८० भागांत कुणी सांगत नाही. मुद्दाम सांगत नाही. चित्रीकरण ओंटारियोतल्या गुडवुडला, पडद्यावर मात्र नुसतं 'एक गाव'. अमेरिकेतल्या प्रेक्षकाला परकं वाटू नये म्हणून केलेली सोय, असंच मला वाटतं.

आता 'कॉर्नर गॅस' बघा. २००४ ते २००९, सीटीव्हीवर, १०७ भाग. मालिकेचा कर्ता ब्रेंट बट हा सस्कॅचेवान प्रांतातल्या टिसडेलचा माणूस. त्याने डॉग रिव्हर नावाचं गाव मनानेच उभं केलं, पण ते सस्कॅचेवानमध्ये आहे हे तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत कळतं. एक पेट्रोल पंप, त्याला लागून 'द रूबी' नावाचं हॉटेल, गावात पोलीस दोन. बाकी क्षितिजापर्यंत सपाट शेतं. ऑस्कर नावाचा म्हातारा दिवसभर सगळ्यांवर खेकसतो. आणि कुणाच्या तोंडून वुलर्टन या शेजारच्या गावाचं नाव निघालं की आजूबाजूचे सगळे एकदम पचकन थुंकतात. भांडण कशावरून, हे विचारायचं नाही. सांगलीकरासमोर मिरजेचं कौतुक करून पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की जी मालिका स्वतःचा पत्ता लपवते तिला कॅनडाची म्हणू नये. घ्या, फोडा.

चीजवाली_मावशी

पत्त्यावरूनच मालिका पारखायची असेल तर परीक्षक म्हणून पोस्टमन नेमा!

प्रेअरीकर, 'शिट्स क्रीक' सीबीसीने, म्हणजे कॅनडाच्या सरकारी वाहिनीने काढली, २०१५ पासून दाखवली. अमेरिकेतल्या बहुतेकांना तिचा पत्ता लागला तो नेटफ्लिक्सवर आल्यावर. तिच्यातल्या नवरा-बायकोचं, जॉनी आणि मॉयराचं, काम करणारी युजीन लेव्ही आणि कॅथरीन ओ'हारा ही जोडी कालपरवाची नाही. टोरांटोच्या सेकंड सिटी या विनोदी नाटकमंडळीच्या रंगमंचावर, म्हणजे एका जुन्या फायर स्टेशनात, सत्तरच्या दशकात ही माणसं तयार झाली. मॉयरा आणि जॉनी एकमेकांचं वाक्य ज्या सहजतेने झेलतात, त्यामागे चार दशकांची सोबत आहे.

तो चीजचा प्रसंग आठवा. मॉयराने आयुष्यात कधी गॅस पेटवलेला नाही, पण मुलापुढे आव असा की ही आपल्या आईची खास पाककृती. कागदावर लिहिलंय, चीज 'फोल्ड' करा. डेव्हिड विचारतो म्हणजे काय करायचं. ती म्हणते, फोल्ड कर. तो विचारतो, कसं. ती तेच पुन्हा, आवाज चढवून. दोघांनाही ठाऊक नाही आणि दोघंही कबूल करत नाहीत, तोवर गॅसवरचं भांडं धुमसू लागलेलं. याला प्रांत कशाला लागतो?

शिवाय त्या गावात एकही माणूस डेव्हिडला त्याच्या पुरुषावरच्या प्रेमावरून बोल लावत नाही. मालिकेचा सहनिर्माता आणि डेव्हिडचं काम करणारा डॅन लेव्ही, त्याने हे ठरवून केलं आणि तसं जाहीर सांगितलंही. असं गाव नकाशावर दाखवलं असतं तर लगेच कुणीतरी 'आमच्याकडे असं नसतं' म्हणत उठलं असतं.

प्रेअरीकर

म्हणजे ते गाव कुठेच नाही, हे तुम्हीच कबूल केलंत. धन्यवाद. :)

जुना_टोरांटोकर

सेकंड सिटीचा विषय निघालाच आहे तर पुढचं मी सांगतो, कारण यात दोघांचीही पंचाईत आहे.

लेव्ही, ओ'हारा, जॉन कँडी, अँड्रिया मार्टिन या मंडळींचा 'एससीटीव्ही' हा विनोदी कार्यक्रम १९७६ ला टीव्हीवर सुरू झाला. १९८० साली तो सीबीसीवर आला तेव्हा एक अडचण उभी राहिली. इथल्या भागात जाहिराती कमी, त्यामुळे अमेरिकेत जाणाऱ्या भागापेक्षा तो दोन मिनिटांनी मोठा. त्या दोन मिनिटांत काहीतरी ठळक कॅनडियन दाखवा, असा वरून आग्रह. कार्यक्रम कॅनडात बनतोय, लिहिणारे इथले, नट इथले, तरी अजून कॅनडा पाहिजे! रिक मोरॅनिस आणि डेव्ह थॉमस वैतागले. मग कॅनडा हवा ना, घ्या म्हणत दोघे लोकरीच्या टोप्या घालून बसले. मागे देशाचा नकाशा, हातात बिअरची बाटली, शेजारी तव्यावर बेकन, आणि संहिता नसताना तोंडाला येईल ते बोलत सुटले. बॉब आणि डग मकेंझी ते हेच.

गंमत पुढे आहे. साहेबांना वाकुल्या दाखवण्यासाठी केलेली ती दोन मिनिटं अख्ख्या कार्यक्रमापेक्षा गाजली, अमेरिकेतसुद्धा. त्यांची एलपी निघाली, १९८३ ला सिनेमाही आला. प्रेअरीकर, पत्ता ठासून सांगण्याची ही फक्त टिंगल होती. आणि मावशी, त्या टिंगलीतला नकाशाच लोकांना आवडला. आता काय कराल?

ब्रॅम्प्टनची_सून

पॉपकॉर्न घेऊन बसले होते, पण आता बोलावंच लागेल. दोन्ही मालिका म्हणजे गोऱ्या लोकांच्या छोट्या गावांची कौतुकं. आपण राहतो तो कॅनडा त्यात कुठे आहे?

'किम्स कन्व्हीनियन्स' घ्या. सीबीसी, २०१६ ते २०२१. इन्स चोईच्या २०११ च्या नाटकावरून केलेली, टोरांटोतल्या एका कोरियन कुटुंबाच्या दुकानाची गोष्ट. पत्ताच हवाय ना? क्वीन आणि शेरबोर्नच्या कोपऱ्यावर जाऊन उभे राहा, बाहेरून दिसतं ते दुकान तिथलंच. अप्पा, म्हणजे बाप, दुकानात उभा राहून बाहेर नो-पार्किंगमध्ये लागलेल्या गाड्या न्याहाळतो आणि गाडी जपानी असेल तरच पोलिसांना फोन फिरवतो. जपानने १९१० ते १९४५ कोरियावर राज्य केलं, त्याचा हिशोब हा बाबा टोरांटोच्या फुटपाथवर चुकता करतोय. मुलगी जॅनेट कला महाविद्यालयात फोटोग्राफी शिकते, उरलेल्या वेळात गल्ल्यावर बसते आणि एक दिवस पगार मागते. बाप तिला जन्मापासून खाऊ घातल्याचा हिशोब ऐकवतो. हे संवाद कुणाच्या घरात झाले नाहीत ते सांगा.

तिखट_स्कारबोरो

ताई, मालिका चांगली, पण पडद्यामागचं वाचलंत का? सहावा सीझन मंजूर झालेला असताना पाचव्यानंतर गाशा गुंडाळला, कारण इन्स चोई आणि केव्हिन व्हाइट हे मालिकेचे दोघे कर्ते बाहेर पडले. २०२१ च्या जूनमध्ये सिमू लिऊने, म्हणजे थोरल्या मुलाचं काम करणाऱ्याने, जाहीरपणे लिहिलं की लेखकांत आशियाई वंशाची माणसं फारशी नव्हतीच, आणि कलाकारांना त्यात बोलायला वाव नव्हता. आईचं काम करणाऱ्या जीन यूननेही त्याला दुजोरा दिला. वर जी नवी मालिका काढली ती कुणावर? तर त्यातल्या गोऱ्या पात्रावर. तुम्ही ज्याला आपला कॅनडा म्हणताय तो निम्मा गोऱ्यांनीच लिहिलेला.

आणि अप्पाचे उच्चार? ते काम करणारा पॉल सन-ह्युंग ली स्वतः साधं कॅनडियन इंग्रजी बोलतो. ते उच्चार भूमिकेसाठी घेतलेले. मग स्टँड-अप विनोद करणाऱ्या रसेल पीटर्सवर काहीजण नाक का मुरडतात? तोही तेच करतो.

ब्रॅम्प्टनची_सून

तेच नाही करत. अप्पाचे उच्चार काढून टाकले तरी माणूस उरतो. पार्किंगचा प्रसंग मुका केला तरी हसू येतं. पीटर्सच्या बऱ्याच विनोदांतले उच्चार काढा आणि हातात काय राहतं ते सांगा.

हसरा_हॅमिल्टन

पीटर्सवर अन्याय होतोय. अँग्लो-इंडियन घरातला, ब्रॅम्प्टनमध्ये वाढलेला पोरगा. २००४ साली सीटीव्हीच्या 'कॉमेडी नाऊ'मध्ये त्याने मुलाला मारण्याची धमकी देणारा बाप उभा केला, आणि त्याची चित्रफीत लोकांनी एकमेकांना पाठवून पाठवून जगभर नेली. तेव्हा आपल्यासारख्यांच्या घरातल्या गोष्टीवर इथल्या टीव्हीवर कुणी बोलत होतं का? २००७ ला टोरांटोचं एअर कॅनडा सेंटर, म्हणजे जिथे हॉकीचे सामने होतात ते मैदान, एकट्या माणसाने माइक घेऊन भरवलं. आज ते विनोद जुने वाटतात, कारण नंतरच्या सगळ्यांनी तीच वाट मळवली.

नंतरचे कार्यक्रम मलाही फारसे आवडले नाहीत, तेवढं ताईंच्या पदरात घालतो.

अवांतर_आजोबा

विनोदच चालू आहे तर रिक मर्सरला विसरू नका. न्यूफाउंडलंडचा. २००० च्या निवडणुकीत स्टॉकवेल डे यांच्या कॅनडियन अलायन्स पक्षाचा प्रस्ताव होता की ३ टक्के मतदारांनी मागणी केली की त्या प्रश्नावर सार्वमत घ्यावं. मर्सरने 'धिस अवर हॅज २२ मिनिट्स' या टीव्हीवरच्या विडंबन कार्यक्रमातून लोकांना आवाहन केलं, की डे साहेबांनी आपलं पहिलं नाव बदलून डोरिस करावं (डोरिस डे ही हॉलिवूडची जुनी नटी), या मागणीवर इंटरनेटवर नाव नोंदवा. दहा लाखांवर नोंदी झाल्या. प्रस्तावातला फोलपणा दाखवायला अग्रलेख लागला नाही. हाच मर्सर त्याच वर्षी अमेरिकेत जॉर्ज बुश यांना जाऊन भेटला, कॅनडाचे पंतप्रधान 'जाँ पूटीन' यांनी तुम्हाला पाठिंबा दिलाय म्हणाला, आणि बुश यांनी आभारही मानले. बटाटा, चीज आणि ग्रेव्हीच्या पदार्थाचे आभार!

मालिकाबिलिका ठीक, पण या देशाच्या विनोदाचा कणा मला इथे दिसतो.

पक_मारला

तुम्ही सगळे शनिवारी रात्री काय बघता? 'हॉकी नाइट इन कॅनडा' टीव्हीवर १९५२ पासून आहे आणि २००८ पासून पंजाबीतही. हरनारायण सिंग अल्बर्टातल्या ब्रूक्सचा. सुरुवातीला सामन्याच्या समालोचनासाठी कॅल्गरीहून टोरांटोला विमानाने जायचा, पदरचे पैसे घालून. २०१६ च्या स्टॅन्ली कपच्या अंतिम फेरीत पिट्सबर्गच्या निक बोनिनोने गोल केला तेव्हा त्याने 'बोनिनो बोनिनो'चा असा धडाका लावला की पिट्सबर्गने विजयाच्या मेळाव्याला पंजाबी समालोचकांना बोलावून घेतलं. माझ्या सासऱ्यांना आयसिंग म्हणजे काय ते अजून समजत नाही, पण बोनिनो पाठ आहे. मला यापेक्षा मोठा कलाकार माहीत नाही.

प्रेअरीकर

पक_मारला, ब्रूक्स म्हणजे आमचंच प्रेअरी, सपाट मैदानांचा मुलूख. माझी बाजू भक्कम होतेय.

सूनबाई, 'कॉर्नर गॅस' फक्त गोऱ्यांची म्हणालात ते पटलं नाही. डेव्हिस हा गावचा वरिष्ठ पोलीस, ते काम करणारा लॉर्न कार्डिनल क्री समाजाचा. त्याची मूळ ओळख हाच दर भागाचा विषय, असं कुठे होत नाही. तो आळशी आहे, बालिश आहे, गावातल्या इतर कुणाही इतकाच.

माँट्रियलवाला

इतके प्रतिसाद आणि क्युबेकचा उल्लेख नाही. वा!

'ला पतित वी', राडिओ-कॅनडा (सीबीसीची फ्रेंच वाहिनी), १९९३ ते १९९८. १९९५ मधला एक भाग ४० लाखांवर लोकांनी पाहिला, आणि प्रांताची लोकसंख्या तेव्हा ७० लाखांच्या घरात. घरात नवरा-बायको. बायकोचं काम सेर्ज तेरियो हा पुरुष करतो, नवऱ्याला छातीवर रुळणारी खोटी दाढी. पलंग भिंतीला उभा, दोघं उभ्या उभ्या झोपतात आणि तसेच भांडतात. नवऱ्याचा जीव कशात, तर कचऱ्याच्या पिशव्यांत. त्या तो पोटच्या पोरांहून जास्त जपतो.

कँडी, जिम कॅरी, माइक मायर्स या कॅनडाच्या विनोदी नटांना अमेरिकेने मोठं म्हटल्यावर तुम्ही मोठं म्हणालात. पिकतं तिथे विकत नाही, ही इंग्रजी कॅनडाची जुनी खोड. आमच्याकडचे नट लॉस एंजेलिसला गेलेच नाहीत, तरी त्यांना मंडईत गर्दी घेरते.

चीजवाली_मावशी

४० लाख प्रेक्षक, आणि ओटावा नदी ओलांडली की कुणाला नाव माहीत नाही. हा पुरावा प्रेअरीकरांच्या बाजूचा की माझ्या? पत्ता इतका पक्का की बाहेरच्याला दारच सापडत नाही.

माँट्रियलवाला

दार उघडंच आहे, मावशी. पाटी फ्रेंचमध्ये आहे एवढंच.

प्रेअरीकर

उभा पलंग बघायचाच आहे. इंग्रजी सबटायटल असलेले भाग कुठे मिळतील ते कुणी सांगेल का?