दाढेतली चांदी उपसून काढायची कशाला?

निशिगंध
काल इथे एकाने लिहिलं : ‘तोंडातली चांदी म्हणजे पाऱ्याचं विष. आजच काढा, कम्पोझिट (दाताच्या रंगाचा भराव) भरा.’ वाचून राहवलं नाही. अमाल्गममध्ये, म्हणजे या दाढेतल्या ‘चांदी’त, वजनाने साधारण निम्मा पारा असतो, मान्य. पण तो चांदी, कथील, तांब्याशी बांधला गेलेला असतो. वाफ सुटते ती अगदी थोडी, आणि ड्रिल लावून जुना भराव उकरताना जास्त. म्हणजे पाऱ्याला भिऊन धडधाकट दाढ कोरायची आणि तीच वाफ ओढून घ्यायची! २००६ मध्ये लिस्बन आणि न्यू इंग्लंडमधल्या मुलांवरचे दोन अभ्यास आले. काहींना अमाल्गम, काहींना कम्पोझिट. काही वर्षं पाठपुरावा केला, बुद्ध्यांकात फरक दिसला नाही. लिस्बनला तर कम्पोझिटवाल्यांनाच पुढे जास्त दुरुस्त्या लागल्या.

कातळशिल्प
ते मीच लिहिलं होतं. मग युरोपियन युनियनने १ जानेवारी २०२५ पासून अमाल्गम बंद केलं, ते काय उगाच?

निशिगंध
नवीन भरणं बंद केलं, तेही वैद्यकीय गरजेचा अपवाद ठेवून. मुख्य कारण पर्यावरणातला पारा. जुनं उपटा असं कुठे म्हटलंय?

सुमनताई_क
तुम्ही दोघं पेशंटच्या दाढेत अडकलात. मी दवाखान्यात असिस्टंट होते. पारा आणि पावडर खलात घोटायची, जादाचा पारा फडक्यातून अंगठ्याने पिळून काढायचा. हातमोजे नाहीत. थेंब फरशीच्या फटीत जायचे, झाडू मारला की आणखी बारीक व्हायचे. उरलेलं बेसिनमध्ये. आमच्या श्वासाचं काय?

डॉ_वाटसरू
ताई, आता कॅप्सूल येतात, पारा हातात घ्यावा लागत नाही.

सुमनताई_क
तालुक्याच्या गावी येऊन बघा, मग सांगा. आणि सांडपाण्यातला गाळ पकडायला सेपरेटर किती जणांनी बसवलाय? तुम्ही बसवलाय?

डॉ_वाटसरू
नाही. पण माझ्याकडे अमाल्गम भरणंच बंद आहे.

सुमनताई_क
जुनं काढता ना? ते कुठे जातं?

कातळशिल्प
बघा! मी हेच सांगत होतो.

सुमनताई_क
तुम्ही हे सांगत नव्हतात. तुम्ही लोकांना चांदी काढायला पाठवत होतात, म्हणजे तो चुरा आणखी एका मुलीच्या नाकात.

पाऊलखुणा
कम्पोझिटचं कौतुक ऐकून डोकं फिरतं. माझ्या मागच्या दाढेत भरलं तेव्हा रबर डॅम (दात कोरडा ठेवणारा रबरी पडदा) नाही, नुसता कापूस कोंबलेला, तोही थुंकीने ओला. वर्षभरात कडेने कीड, मग रूट कॅनाल, मग कॅप. पैसे तिप्पट. आईची चांदी अजून शाबूत.

डॉ_वाटसरू
कम्पोझिटला दात कोरडा लागतो, लाइटने कडक होताना ते थोडं आकसतं. दोष मटेरियलचा नाही, घाईचा आहे.

पाऊलखुणा
मग घाई करणाऱ्यांची बाजू कशाला घेता?

कातळशिल्प
ठीक आहे, निशिगंध. चांगला भराव उपटू नये, एवढं घ्या माझ्याकडून. पण पाऱ्यावरच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता कराराच्या २०२५च्या बैठकीत २०३४ पर्यंत अमाल्गम संपवायचं ठरलंय, तेव्हा नवी चांदी भरायची गरज नाही, हे तुम्हीही मान्य करा.

निशिगंध
जिथे दात कोरडा ठेवता येतो आणि पेशंटला परवडतं, तिथे मान्य. बाकी ठिकाणी ग्लास आयोनोमर (सिमेंटसारखा दुसरा बिनपाऱ्याचा भराव) किती टिकतं ते आधी बोलू. आणि डॉक्टर, सेपरेटर नसताना काढलेलं जुनं कुठे जातं, या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही.