मदत हवी आहे: नळाला गढूळ पाणी, कायद्याने नेमकं काय मागता येतं?

मंडळी नमस्कार, आम्ही कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो, गेले आठ दिवस सकाळी नळाला पहिली दोन-तीन घागरी पाणी पिवळट येतंय आणि वासही मारतोय, आईने सुती कापड दुपदरी करून गाळलं तर कापडावर चिखलाचा थर बसला. घरात चार वर्षांचं पोर आहे, त्यामुळे उकळल्याशिवाय थेंब देत नाही, पण गॅस किती जाळायचा हो?

तक्रार दिली तर "पाइपलाइनचं काम चालू आहे, येईल नीट" एवढंच उत्तर. मग मी जरा वाचलं, तर आयएस १०५०० नावाचं पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे, त्यात १०० मिली पाण्यात ई-कोलाय हे जिवाणू अजिबात सापडता कामा नये आणि नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलीग्रॅम क्लोरीन शिल्लक पाहिजे असं आहे. १९७४ चा जल प्रदूषण कायदा आहे, पण तो मुख्यतः नदी-नाल्यात घाण सोडण्याबद्दल, म्हणजे पंचगंगेसाठी उपयोगाचा, आमच्या नळाचं काय? शुद्ध पाणी हा राज्यघटनेच्या कलम २१ मधला, म्हणजे जगण्याच्या अधिकारातला हक्क आहे असं कोर्टाने मानलंय, पण त्यासाठी सामान्य माणसाने हायकोर्टात जायचं का, हे मला पटत नाही.

तर २००५ च्या माहिती अधिकारात आमच्या भागाचे क्लोरीनचे रोजचे रिपोर्ट कुणी मागितलेत का? अर्जात शब्द नेमके कसे घालायचे? आणि घरचा नमुना तपासायला द्यायचा तर बाटली साधी चालते का, कोल्हापुरात कुठे देता? कुणी केलं असेल तर प्लीज सांगा.