मदत हवी आहे: कोल्हापूर संस्थानातल्या प्लेगचे कागद कसे शोधायचे?

पंचगंगाकाठ: एम.ए.च्या प्रबंधिकेचा विषय आहे करवीर पेट्यातल्या (तालुक्यातल्या) प्लेगच्या छावण्या, साधारण १८९८ ते १९०२. पुरालेखागारातल्या याद्यांत ‘प्लेग’ शोधून फारसं काही मिळत नाही. मोडी जेमतेम वाचता येते. सुरुवात कुठून करू?

मोडीवाचक: विषय धरून शोधू नका. दप्तर विषयवार लावलेलं नसतं, ज्या कचेरीत कागद तयार झाला तिच्या क्रमानं असतं. त्यामुळे आधी ठरवा, हा कागद कोणी कोणाला लिहिला असेल? झोपड्यांच्या बांबू-गवताचा खर्च हिशेबात सापडेल, छावणीची जागा मुलकी म्हणजे महसूल खात्यात, पहारा पोलिसांकडे. शब्दही बदलून बघा. ‘साथ’, ‘झोपड्या’, आणि त्या काळी रूढ असलेला ‘ग्रंथिक सन्निपात’.

मोडी कच्ची असेल तर करवीर सरकारच्या गॅझेटपासून सुरू करा. मजकूर छापील आहे. शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा, नोकरीत मागासवर्गीयांना पन्नास टक्के जागा राखण्याचा हुकूमही त्यातच प्रसिद्ध झाला. तिथून तुम्हाला हव्या त्या हुकमाची तारीख आणि नंबर घ्या, मग रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) मागवा. पत्रात ‘आपलेकडील नं. अमुकचे पत्र पावले’ असं असेल तर तो नंबर सोडू नका. जोडीचा कागद त्याच धाग्यानं मिळतो.

पंचगंगाकाठ: काही कागदांवर फक्त ‘फसली १३०८’ आहे. म्हणजे १८९८ च ना?

जुनादप्तरी: अर्धंच बरोबर. आपल्याकडचं फसली, म्हणजे महसुली, वर्ष मृगाला, जूनच्या सुरुवातीला पालटतं. जून ते डिसेंबर असेल तर ५९० मिळवा, जानेवारी ते मृग असेल तर ५९१. म्हणजे १३०८ हे जून १८९८ ते जून १८९९. वहीत मूळ फसलीच लिहा, इसवी सन कंसात. नुसतं इसवी लिहिलं आणि वर्षाची चूक झाली, तर ती पुढे पकडता येत नाही.

मोडीसाठी एक करा. एकाच कारकुनाच्या हातचे चार-पाच कागद निवडा, त्यातली ओळखीची गावं आणि आकडे आधी लावा, त्यांवरून त्या हाताचा अक्षरतक्ता बनवा. शब्द सलग लिहिलेले असतात, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं, म्हणून शब्दकोशातलं रूप शोधत बसू नका.

दरबाराचा पत्रव्यवहार पोलिटिकल एजंटामार्फत (संस्थानातला इंग्रज सरकारचा प्रतिनिधी) मुंबई सरकारशी होई. दुसरी बाजू मुंबईच्या पुराभिलेखात, पोलिटिकल डिपार्टमेंटच्या खंडांत बघाच. छावणीबद्दल दरबारानं वर काय कळवलं आणि खाली काय हुकूम दिले, हे दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय प्रकरण उभं राहत नाही.

जाताना विभागाचं शिफारसपत्र, ओळखपत्र आणि शिसपेन्सिल न्या. फोटोची परवानगी आधीच विचारा. घडीवर चिरलेला कागद हातानं सपाट करू नका, तिथल्या माणसाला बोलवा. आणि टिपणाच्या प्रत्येक पानावर रुमाल, फाइल, पान हे तिन्ही नंबर त्याच वेळी लिहा.